दार लावण्याआधी मोजणारा माणूस

गाडेकर मामा कुठलंही दार एकदाच लावत नाहीत. लावतात, पुन्हा वीतभर उघडतात, मान बाहेर काढतात, "कोन बाहेर राह्यलं?" असं विचारतात आणि क्षणभर वाट पाहून मगच कडी घालतात. दार ऑफिसचं असो, जीपचं असो, नाहीतर फायलींच्या कपाटाचं. कपाटाच्या बाहेर राहून राहून कोण राहणार, असं मी त्यांना एकदा विचारलं. "राहती ना साहेब, फाईल राहती," असं म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावरची एक फाईल उचलली आणि कपाटात ठेवली.

मला मोजायची सवय आहे. एका सोमवारी मी मोजलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात मामांनी सव्वीस दारं लावली आणि सव्वीस वेळा तो प्रश्न विचारला. त्यांतल्या चार वेळा खरोखरच काहीतरी किंवा कोणीतरी बाहेर राहिलेलं होतं. सव्वीसात चार हे प्रमाण हसण्यावारी नेण्यासारखं नाही, असं मी घरी जेवताना म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, दारं लावणारा जास्त बिघडलाय की दारं मोजणारा, ते आधी ठरवा."

आमची कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली. माझं काम उगवण तपासायचं. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, ठरलेल्या दिवशी कागद उलगडायचा आणि कोंब मोजायचे. माझ्या सहीशिवाय बियाण्याचं पोतं गोदामाबाहेर जात नसे. मामा त्या गोदामाचे पहारेकरी म्हणून लागले. अंबड तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. पुढं कंपनीत मोठं संगणक यंत्र आलं. त्याच्याबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर आला. यंत्राजवळ कायम बसणारा, जागा न सोडणारा एक माणूस त्याला हवा होता. जागा न सोडणं हे तर पहारेकऱ्याचं कामच. इंजिनिअरनं मामांना सहा महिने शिकवलं आणि स्वतः नोकरी सोडून गेला. यंत्र आणि मामा राहिले.

मामांनी यंत्राच्या सगळ्या इंग्रजी आज्ञा एका वहीत देवनागरीत उतरवल्या होत्या. शेजारी मराठीत अर्थ. "हे केलं की यादी दिसती." "हे करायचं न्हाई." "हे करायचं तर आधी साबळे साहेबांला इचारायचं." साबळे म्हणजे मी. मला त्यातलं काही कळत नसे, पण विचारण्याची पद्धत त्यांनी पाळली.

दाराच्या सवयीचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "आमचा बाप रोज सांजच्याला मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी बसायचा. एकेक मेंढरू हाताखालून आत सोडायचा, मोजून. आखरी मेंढरू गेलं की इचारायचा, कोन बाहेर राह्यलं? मेंढरू काय बोलतंय का? पन इचारायचं. मंग बाभळीची काटी वढून दार लावायचा अन् तिथंच आडवा व्हायचा."

"आत?"

"आत कसा? दाराच्या बाहेर. घोंगडं घिऊन."

ही मोजणी त्यांनी ऑफिसातही आणली होती. कंपनीचा दरवर्षी एक फोटो निघायचा. सगळे रांगेत उभे राहिले की मामा फोटोवाल्याच्या शेजारी जाऊन बोटानं मोजायचे. "एकसष्ट. दोन कमी हायेत. कॅन्टीनमधे बघा जल्दी!" ते दोघे पळत यायचे, "आता बराबर," असं मामा म्हणायचे आणि फोटो निघायचा.

आता यंत्राचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. कंपनीचं बियाणं शेतकऱ्यांच्या शेतावर तयार होई, गावोगावच्या प्लॉटवर. यंत्रात प्रत्येक गावाचा एक गट होता. त्या गावातल्या प्लॉटच्या पाहण्या, काढणी, पोत्यांचे नंबर, सगळ्या फायली त्या गटाच्या ताब्यात. गटाच्या यादीत ज्याचं नाव असेल त्याला त्या उघडता येत. ज्याचं नाव नसेल, त्याला यंत्र दारातूनच परत पाठवी. क्षेत्र-अधिकाऱ्यांना आपापली चार-पाच गावं पुरत. सगळ्या गावांच्या फायली पाहण्याची गरज असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे नवं गाव आलं की मामा त्या यादीत माझं नाव घालायचे आणि येऊन सांगायचे, "साहेब, भोकरदनच्या वाडग्यात तुम्हाला सोडलं."

त्या वर्षी जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी नव्यानं आलं. मिरचीचे अकरा प्लॉट. बियाणं आलं, मी तपासलं, उगवण उत्तम होती. पण उगवणीच्या कागदाला प्लॉटच्या पाहणीची नोंद जोडावी लागते आणि टेंभुर्णीच्या पाहणीचं मला यंत्रात काहीच दिसेना. मी तीन दिवस, दिवसातून दोनदा पाहिलं. मी जे दिसतं तेच लिहितो. म्हणून लिहिलं, "टेंभुर्णी, अकरा प्लॉट, पाहणीची नोंद नाही." खाली सही केली. नोंद नाही म्हणजे बियाणं बाद, आणि बाद झालेल्या गावाला पुढच्या वर्षी प्लॉट नाही, असा आमचा नियम होता.

आठवड्यानं कडूबाई आली. साठीच्या आसपासची, काटक, डोक्यावर पदर, हातात पिशवी. अकरापैकी एक प्लॉट तिचा.

"साहेब, माझं बी तुम्ही बाद केलं म्हन्ता?"

"बाई, पाहणीची नोंद नाही."

"नोंद न्हाई? तुमचा मानूस चारदा आल्ता माझ्या वावरात. मी, माझ्या दोन सुना, आम्ही संकरासाठी एकेक फूल चिमट्यानं उघडलं, एकेकाला धागा बांधला. समदं बघून गेल्ता त्यो. चारी टायमाला चहा पिऊन गेल्ता."

"तो आला नाही असं मी म्हणत नाही. नोंद नाही असं म्हणतोय."

"मंग चहाची नोंद आम्ही ठिवायची का काय?"

नेमक्या त्याच वेळी मामा व्हरांड्याचं दार लावत होते. सवयीप्रमाणे पुन्हा वीतभर उघडून ते म्हणाले, "कोन बाहेर राह्यलं?"

कडूबाई गर्रकन वळली. "मी राह्यले की भाऊ! माझं गावच राह्यलं अख्खं!"

मामांनी दार तसंच सोडलं आणि आत आले. इतक्या वर्षांत त्यांनी दार सताड उघडं टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ते आपल्या खुर्चीवर बसले. यंत्राचा रखवालदार म्हणून त्यांच्याकडे एक मोठी किल्ली होती, तिनं कुठलाही गट उघडे. त्यांनी टेंभुर्णी उघडलं. अकरा प्लॉट, प्रत्येकी चार पाहण्या, चव्वेचाळीस नोंदी. सगळ्या जागच्या जागी.

"मंग तुम्हाला का दिसंना?" मामा म्हणाले. "यादीत तुमचं नाव तर मीच घातलंय."

त्यांनी खणातून चिंचोके काढले. हे त्यांचं मोजण्याचं साधन. माझ्या नावावर किती गट लिहिलेत ते यादीतून मोजून एका बाजूला चिंचोके मांडले, तेहतीस. मग मी यंत्रात शिरल्यावर यंत्र मला किती गटांचा धरतं ते पाहून दुसऱ्या बाजूला मांडले. बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीस. मामा बराच वेळ त्या एका जास्तीच्या चिंचोक्याकडे बघत बसले.

"साहेब, याला बत्तीसच्या वर मोजताच येत न्हाई. बत्तीस झाले अन् यानं दार लावलं. कोन बाहेर राह्यलं म्हून इचारलं बी न्हाई! वरडायचं तरी. एक राह्यला म्हनायचं तरी. गपचिप लावलं!"

यंत्रावर त्यांचा फार जीव होता. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मी माझ्या परीनं पुन्हा हिशोब तपासला. माझी गावं टेंभुर्णी धरून बत्तीसच होती. मग तेहतिसावा गट कुठला? तर यंत्र प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाचा एक गट देतं आणि तो सगळ्यांत आधी मोजतं. म्हणजे टेंभुर्णीची जागा मीच अडवून बसलो होतो. त्या गटात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि एकही फाईल नव्हती.

मी कडूबाईची माफी मागितली. मॅनेजर साहेबांना लेखी दिलं की माझी नोंद चुकीची आहे, दिसली नाही म्हणजे नव्हती असं धरणं ही माझी चूक. नोकरीत असं मी पहिल्यांदाच लिहिलं. अकरा प्लॉटचं बियाणं सुटलं. प्रश्न संपला असं मला वाटलं, पण मॅनेजर साहेबांनी भलताच धडा घेतला.

"यंत्रात बसतात तेवढीच गावं ठेवू," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाला टेंभुर्णी नको. शेवटी आलेलं तेच आहे."

मामा दारात उभे होते. "साहेब, वाडगं लहान पडलं तर आमच्यात वाडगं वाढवत्यात. मेंढरू न्हाई सोडून देत."

"मग वाढवा. प्लॉटवाटपाच्या बैठकीपर्यंत वाढवलंत तर ठीक."

बैठक मे महिन्यात होती. हाती साडेतीन महिने होते.

तोवर चालवून घ्यायला मामांनी एक युक्ती केली. एका माणसाला बत्तीस गट, तर दोन माणसांना चौसष्ट. यंत्रात त्यांनी माझी दोन नावं केली, साबळे-सकाळ आणि साबळे-दुपार. सकाळी मी भोकरदनकडची गावं पाहायची, जेवणानंतर नाव बदलून अंबडकडची आणि टेंभुर्णी. काम बिनचूक चाललं. त्रास फक्त माणसांचा झाला. शिपाई विचारू लागला, "दुपारचे साबळे आले का?" कोणी जेवणाच्या सुट्टीत काम घेऊन आलं की बाकीचे म्हणत, "थांबा, आत्ता दोघंही नाहीत." घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "संध्याकाळचे साबळे दळण आणतील का, तेवढं विचारा."

सहा आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. "साबळे-दुपार या कर्मचाऱ्याची हजेरी आढळत नाही. खुलासा करावा." मी खुलासा केला, दोन पानी, आकड्यांसह. उत्तर आलं की एका माणसाला एकच नाव राहील. दुपारचे साबळे त्याच दिवशी संपले. मामांनी त्यांचं नाव पुसलं आणि मला म्हणाले, "चांगला मानूस व्हता."

मग त्यांनी दुसरी वाट धरली. यंत्र ज्या मूळ प्रणालीवर चालतं तिच्या नव्या आवृत्तीत ही बत्तीसची अट काढलीय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. रविवारी एसटीनं ते औरंगाबादला गेले आणि त्या आवृत्तीच्या तबकड्या रुमालात बांधून घेऊन आले. येताना सरळ माझ्या घरी. दारातच चपला काढून म्हणाले, "साहेब, कुंपन वाढलं! बत्तीसचं पासष्ट हजार पाचशे छत्तीस!"

बायकोला वाटलं, कोणाचा प्लॉट वाढला. तिनं चहा ठेवला.

"पासष्ट हजार म्हंजी किती हो साहेब? आपल्या जिल्ह्यातली गावं बसतील?"

"जिल्ह्यात हजाराच्या आत आहेत."

"मंग राज्यातली?"

"चाळीस हजारांवर असतील. तीही बसतील."

"सगळी? अन् वर जागा उरंल?" मामांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ते आमच्या दाराकडे गेले, वीतभर उघडून बाहेर बघून आले. "कोनी न्हाई," ते म्हणाले.

आकडा ऐकून रडलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नवी आवृत्ती एकदम चालू यंत्रावर घालणं धोक्याचं होतं. मामांनी अडगळीतलं एक जुनं यंत्र पुसून घेतलं आणि आधी त्यावर प्रयोग मांडला. बत्तीसच्या वर खरंच मोजतं का, हे बघायला शंभर खोटे गट करायचे होते. शंभर नावं कुठून आणणार? मामा सांगू लागले, मी लिहू लागलो. भोरी, काळतोंडी, लंगडी, चांदी, मोठ्या कानाची, धाकट्या कानाची. त्रेसष्टपर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही त्यांच्या बापाची मेंढरं होती. शंभरावं नाव सांगून मामा थांबले. "एवढीच व्हती," ते म्हणाले. यंत्रानं शंभरच्या शंभर मोजली.

खऱ्या यंत्रावर मात्र पहिल्या रविवारी प्रिंटर बंद पडला. जुनं होतं तसं करून ठेवावं लागलं. दुसऱ्या रविवारी प्रिंटर चालला, पण यंत्र सुरूच होईना. पुन्हा जुनं. मॅनेजर साहेब म्हणाले, "गाडेकर, एका गावासाठी एकतीस गावं बंद पाडाल." त्या दिवशी जीपचं दार लावताना मामांनी प्रश्न विचारला नाही, नुसतं उघडून पाहिलं. तिसरा रविवार हा बैठकीआधीचा शेवटचा रविवार.

त्या दिवशी मीही गेलो. यंत्रातलं मला कळत नव्हतं, पण वहीतल्या ओळींवर बोट ठेवून वाचता येत होतं. मी ओळ वाचायची, मामांनी ती टंकायची, मी तिच्यापुढं खूण करायची. एकशे चौदा ओळी होत्या. शेहेचाळिसाव्या ओळीवर मी त्यांना थांबवलं. मागच्या रविवारी मामांनी ती ओळ दोनदा केली होती आणि तिच्यापुढं दोन खुणा होत्या. "हीच ती," मामा म्हणाले. या वेळी ती एकदाच केली.

दुपारी दीडला यंत्र सुरू झालं. प्रिंटर चालला. मी माझ्या एकुलत्या एका नावानं आत शिरलो. मामा माझ्यामागं उभे राहिले आणि गावांची नावं पुकारू लागले. मी एकेक गाव उघडून "आहे" म्हणत गेलो. अंबड, आहे. भोकरदन, आहे. एकतिसावं झालं तेव्हा मामांचा आवाज बारीक झाला.

"टेंभुर्नी."

अकरा प्लॉट. चव्वेचाळीस नोंदी.

"आहे," मी म्हणालो.

माझ्या खुर्चीच्या पाठीवर मामांनी हात ठेवला तेवढं मला जाणवलं. मग यंत्राच्या खोलीचं दार लावताना नेहमीप्रमाणे वीतभर उघडून, रिकाम्या खोलीत मान घालून त्यांनी विचारलं, "कोन बाहेर राह्यलं?"

बैठकीत टेंभुर्णी कायम राहिलं. त्या वर्षी आणखी चार गावं घेतली गेली. कडूबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आली, सगळ्या ऑफिसला पुरेल इतका. मामांनी माणसं मोजून वाढलं आणि स्वतः शेवटी बसले, तोवर ठेचा संपला होता. माझ्या चुकीच्या सहीनं अकरा घरांचं काम जाणार होतं, ते गेलं नाही. हे आठवलं की आजही मला शांत झोप लागते. त्याबद्दल मी मामांचे आभार मानले तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही ओळी बराबर वाचल्या."

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे गटांची छापील यादी दिली. नव्या माणसाला यायला आठवडा होता, तोवर सांभाळायला. सत्तेचाळीस गावं, प्रत्येकापुढं नावं. मी सवयीनं वाचून काढली. शिपायाचं नाव तीन गटांत होतं. जीपच्या ड्रायव्हरचं नऊ गटांत. माझं सत्तेचाळीसही गटांत. गाडेकर हे नाव कुठंच नव्हतं.

"मामा, तुमचं नाव?"

"माझं कशाला? मी दार लावतो."

घरी जाऊन मी कंपनीचे वार्षिक फोटो काढले. माझ्याकडे चौदा आहेत. चौदाही पाहिले. मामा एकाही फोटोत नाहीत.

निरोपाच्या समारंभात खुर्च्या मोजण्याच्या गडबडीत ते आपली शाल आणि नारळ ऑफिसातच विसरून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. तिथं मी याआधी गेलोच नव्हतो, हे जिना चढताना लक्षात आलं. त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. एक खोली, एक खाट, भिंतीला घडी करून ठेवलेलं काळं घोंगडं. त्यांनी चहा केला. आम्ही बियाण्यांचं, पावसाचं, नव्या माणसाचं बोललो. मी निघालो आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर आठवलं, छत्री आत राहिली.

वळून पाहिलं तर मामा दार लावत होते. लावलं. पुन्हा वीतभर उघडलं. मी अंधाऱ्या बाजूला होतो, त्यांना दिसलो नाही. आत कोणी नव्हतं, बाहेर कोणी असायचं कारण नव्हतं. तरी मान बाहेर काढून त्यांनी विचारलं, "कोन बाहेर राह्यलं?" आणि नेहमीसारखे थांबले.

मी म्हणालो, "मी राहिलो, मामा."

दार सताड उघडलं.

"तरीच," ते म्हणाले. "एक कमी भरत व्हता. या, आत या."

मी पुन्हा आत गेलो. छत्री दाराशीच होती, पण मी ती उचलली नाही. मामांनी पुन्हा चहाचं आधण ठेवलं, दोन कप मोजून.